विहीणबाईंचा वेग

नाही हो साहेब, तो आवाज मशीनचा नाही — तो माझ्या गुडघ्याचा. तुम्हाला पाना द्यायला मी जरा वाकले ना, तेव्हा वाजला. कशाला उगाच ते बेअरिंग उघडताय, बेअरिंग बिचारं चांगलं आहे. परत ऐकवू का? हे बघा — कट्. पटलं? तसं गुडघ्याला काही झालेलं नाही, वाजतो आपला, सवय आहे त्याला. तुम्ही व्हा आत. आणि टॉर्च दातात धरलाय तो तसाच राहू द्या, बोलायची काही गरज नाही, मी सांगते ना सगळं, तुम्ही मधूनमधून नुसतं हूं हूं करा.

तर कुठे होते मी — हां, तक्रारी. तक्रारी दोनच. एक, ही बया हळू चालते. दुसरी, चालता चालता मधेच बंद पडते. बया म्हणजे मशीन हो, आम्ही हिला बयाच म्हणतो, तुमच्या कागदावर काय लांबलचक नंबर असेल तो असो. मागून रिळावरची फिल्म सुटते, वर जाते, त्या नळ्याभोवती गुंडाळली जाते, वरून धुण्याची पावडर पडते, जबडा मिटतो, पाकीट तयार — आता हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याच कंपनीत जन्मली ती. म्हणजे तुम्ही हिच्या माहेरचे! आणि माहेरचं माणूस दारात आलं की कुठलीही बाई शहाण्यासारखीच वागते, तसं झालंय हिचं — सकाळी तुमच्यासमोर चालवून दाखवली तेव्हा एकदा तरी अडली का? नाही ना? इतके दिवस नाकी नऊ आणलेत माझ्या, आणि आज बघा, कशी मान खाली घालून चालली. आता तुम्ही मलाच खोटं पाडणार. — काय? मोठा पाना? पायानं सरकवते हं, रागावू नका, वाकले की परत वाजेल आणि तुम्ही परत बेअरिंग उघडाल.

आमच्या फिटरनं काय काय नाही केलं. त्याला इथे सगळे 'बघूया' म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो तेवढंच बोलतो. पट्टा घासलाय का? बघूया. मोटर तापतेय का? बघूया. लग्न कधी करतोस? बघूया. शेवटी त्यानं लाकडी हातोड्यानं दोन टोले दिले, पत्र्याला कान लावला आणि म्हणाला, आतून काही बोलत नाही. मग वायरमन आला, तो म्हणाला व्होल्टेज. वरून निरोप आला की पावडर दमट असणार. पावडरवाले म्हणाले, पावडर कोरडीठाक आहे, फिल्मच जाड आलीय. फिल्मवाले म्हणाले, फिल्मला नावं ठेवू नका, हवेचा दाब कमी पडतोय. आणि हवेचा दाब ज्याच्याकडे, तो कॉम्प्रेसरवाला रजेवरच गेला. सगळ्यांनी कानावर हात ठेवले आणि बया राहिली माझ्या गळ्यात. ऑपरेटर मी ना. इतकी वर्षं या स्टुलावर बसून हिला चालवतेय, मग काही झालं की सगळे माझ्याच तोंडाकडे बघणार.

आता एक सांगते, तुमच्यापाशीच ठेवा. वर ती काच दिसतेय? म्हणजे तुम्हाला आतून नाही दिसणार, पण आहे. तिच्यामागे आमचे साहेब बसतात, आणि त्यांच्या टेबलावर एका नव्या मशीनचं रंगीत चित्र आहे. ते मशीन नुसती पाकिटं भरत नाही म्हणे — उचलतं, मोजतं, खोक्यात घालतं, खोकं चिकटवतं, सगळं आपलं आपण. म्हणजे पट्ट्याच्या शेवटी खोकी भरायला माणूस नको. आलं का लक्षात? तुम्ही वर जाऊन म्हणालात की हे मशीन संपलं, की ते चित्र खाली येणार. आणि म्हणालात की मशीन ठणठणीत आहे, तर साहेब म्हणणार, अच्छा, म्हणजे माणसं ढिली आहेत, आणि हातात घड्याळ घेऊन आमच्या पाठीशी उभे राहणार, आणि त्यांची पहिली नजर कुठे जाणार? पट्ट्याच्या शेवटी. कुठूनही आलं तरी जाते ती तीच एक खुर्ची. म्हणून म्हणते, तुम्हाला काहीतरी बारीकसं सापडू द्या. एखादी स्प्रिंग, एखादा वॉशर — असेलच की, एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एक वॉशर खराब नसेल? नसला तर मी आणून देते, आमच्या 'बघूया'च्या डब्यात भरपूर आहेत. तुम्ही तो बदलायचा, वर सांगायचं, झालं, निघालं दुखणं. माझा जीव टांगणीला लागलाय हो, खरंच सांगते. त्या खुर्चीवर कोण बसतं ते विचारू नका फक्त.

आणि बंद पडते म्हणून मी काही हिला फार बोलत नाही. का, तर बंद पडते ती वेळ बघून पडते. — हसू नका, टॉर्च पडेल. रीळ संपत आलं ना, की मशीन थांबवायचं, मागे जायचं, खाली बसायचं आणि नव्या रिळाचं टोक जुन्याला चिकटवायचं. वेळेवर थांबवलं नाही, तर फिल्म संपते आणि पावडर मोकळीच पट्ट्यावर, ढिगानं! हिच्या जातीची सगळी मशीनं या बाबतीत आंधळी, फिल्म असो नसो, ओतत राहतात. पण ही बया नाही. रिळावर थोडीशी फिल्म उरली, मी स्टुलावरून उठायला लागले — हल्ली जरा वेळ लागतो उठायला, स्टूल फार बुटकं आहे हे — की ही आपली आपण थांबते. लाल बटणाला हातसुद्धा लावावा लागत नाही. आणि नुसती थांबत नाही, मी मागे जाऊन, चिकटवून, परत येऊन बसेपर्यंत थांबून राहते. मी बसले की ही सुरू. आता बोला! इतकी वर्षं एकत्र काढली आम्ही, तिला कळतं माझं. घरी सांगितलं तर जावई हसले, म्हणाले, आई, लोखंडाला काय कळतंय. जावई आहेत म्हणून मनातच म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एवढंच की हल्ली थांबते जरा जास्तच वेळ, आणि ते त्या काचेतून दिसतं.

अरे अरे, शिंकलात? गेली का पावडर नाकात? या, या बाहेर, बसा घटकाभर. हे फडकं घ्या. भुवया पांढऱ्या झाल्यात तुमच्या, एकदम पोक्त दिसताय. सापडलं का काही वॉशरबिशर? — काहीच नाही? पट्टा चांगला, मोटर चांगली, दाब बरोबर — अहो, जरा नीट बघा ना! — कुठे चाललात? त्या बटणाकडे? ते काही नाही, ते वेगाचं गोल बटण आहे, ते आहे तसंच असतं. — निम्म्याच्याही खाली आहे? असं? कमालच आहे. हादऱ्यानं फिरलं असेल हो, दिवसभर हादरत असते ही. — चिकटपट्टी? कसली चिकटपट्टी? बटण फिरू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावलीय? असेल, तीही हादऱ्यानं — नाही, हादऱ्यानं चिकटपट्टी लागत नाही, बरोबर आहे तुमचं. असं बघू नका हो माझ्याकडे. मी लावली. हो, मीच. हळू चालते ती माझ्यामुळे. पण बंद पडते ती माझ्यामुळे नाही, ते मी माझ्या लेकीची शपथ घेऊन सांगते. आणि लेकीसाठीच तर हे सगळं.

ती तिकडे, पट्ट्याच्या टोकाला, निळी टोपी घातलेली बाई — बघू नका, बघू नका! एकदम वळून काय बघता! बया बंद असली तरी पलीकडच्या लाइनीचा एवढा गोंगाट आहे, तिला ऐकू जायचं नाही, पण दिसतं सगळं. ती माझी विहीण. हो, माझ्या लेकीची सासू. आता तुम्ही म्हणाल, विहिणीला कुणी आपल्या हाताखाली कामाला ठेवतं का? मी ठेवलं नाही हो, त्या आल्या! आमचे व्याही निवृत्त झाले, घरी बसले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून गॅस बारीक करा, झाकण ठेवा, पाणी जास्त झालं, असं सांगायला लागले. आयुष्यभर यांनी कधी स्वतःचा पेला उचलून ठेवला नाही! तर एका रविवारी विहीणबाई आमच्याकडे आल्या होत्या, म्हणाल्या, तुमचं बरं आहे, रोज बाहेर तरी पडता. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले — या की मग आमच्याकडे! आता असं कुणी म्हटलं की समोरच्यानं 'छे छे, काहीतरीच' म्हणायचं असतं की नाही? सोमवारी डबा घेऊन गेटवर उभ्या. मग काय करते, माझ्या शब्दावर घेतलं साहेबांनी.

आता कामाचं सांगते. बाई फार चांगली, कधी वर आवाज नाही, पण वेगाच्या नावानं आनंदीआनंद! पाकीट हातात घेणार, दोन्ही बाजूंनी बघणार, फडक्यानं पुसणार — पुसणार हो! आत धुण्याची पावडर, ती सगळ्या जगाचे कपडे धुणार, आणि ही बाई तिलाच पुसतेय! — मग चित्र वर करून खोक्यात निजवणार आणि वरून थोपटणार. दुसरी कुणी असती तर मी इथूनच ओरडले असते, हात चालव गं बाई. पण विहीण! आणि मी मुलीची आई. इथे एक शब्द माझ्या तोंडून निघाला की तो संध्याकाळी त्यांच्या घरी पोचणार आणि माझ्या लेकीच्या ताटात पडणार. म्हणजे, तशा त्या बोलणाऱ्यातल्या नाहीत. तेच तर अवघड आहे, बोलतच नाहीत! लग्न झाल्यापासून आमचं दोघींचं बोलणं झालंय किती? बसा. घ्या ना. पुरे पुरे. या परत. संपलं. त्यावरून काय ओळखायचं माणूस रागावलंय की खूश आहे?

मग मी काय केलं, पहिल्या आठवड्यात वेग जरासा कमी केला. म्हटलं, सवय होईपर्यंत. तर पुसणं वाढलं. म्हणून आणखी जरा कमी केला, तर थोपटायला लागल्या. आणखी कमी केला, तर सगळ्या पाकिटांचे कोपरे एका रेषेत लावायला लागल्या! मी जेवढी हळू, तेवढ्या त्या आणखी हळू. एकदा धीर करून विचारलंसुद्धा, पाकिटं फार येत नाहीत ना हो अंगावर? तर म्हणाल्या, छे, येऊ द्या की आणखी. बघा मनाचा मोठेपणा! हात चालेनात, पण तोंडानं 'येऊ द्या'. मला तर भरून आलं. आणि बया बंद पडली की मी इथूनच हात जोडते, माफ करा हं विहीणबाई, पुन्हा खोळंबा. त्या म्हणतात, असू द्या, तेवढंच बरं. म्हणजे दमत असणार बिचाऱ्या. मग लावून टाकली चिकटपट्टी. सांगा, काय चुकलं माझं? त्यांची खुर्ची गेली तर व्याह्यांसमोर त्यांची मान खाली जाणार, आणि माझी त्यांच्यासमोर, आणि मधल्या मधे लेक माझी. एका बटणानं एवढं सगळं वाचत असेल तर कोण फिरवणार नाही?

काय म्हणता? बंद का पडते ते आत लिहून राहतं? कुठे? या काचेच्या पाटीत? आम्ही तर आजवर या पाटीत हिरवं आणि लाल एवढंच वाचलं. दाबा, दाबा, बघू काय म्हणते. — टोकाचा डोळा? हो, तो ठाऊक आहे मला, तो पट्ट्याच्या शेवटी बसवलाय तो बारका दिवा, पाकिटं तुंबून त्याच्यासमोर अडली की तो मशीन थांबवतो. त्याचं काय? — दर वेळी त्यानंच थांबवलंय? प्रत्येक वेळी? अगं आई! म्हणजे एवढ्या वेगालासुद्धा तुंबतात पाकिटं त्यांच्यापुढे! सरका साहेब, सरका, मी अजून थोडं खाली आणते बटण — का? का नको? — या वेगाला तुंबूच शकत नाहीत? एक पाकीट डोळ्यापुढून निघून जातं तरी दुसरं अजून पट्ट्याच्या मध्यावर असतं? बरं. मग डोळ्यासमोर येऊन थांबतं काय? — हात? कुणाचा हात?

अहो, हाक मारू नका त्यांना! साहेब! — आल्या. झालं. या विहीणबाई, या. काही नाही, हे साहेब आपले मशीनच्या कंपनीतून आलेत, त्यांना जरा शंका आलीय, तुम्ही मनावर घेऊ नका. ते म्हणतात की टोकाच्या त्या डोळ्यासमोर कुणीतरी हात धरतं आणि मशीन थांबवतं. मी म्हटलं, आमच्या विहीणबाई असं कशाला — काय? हो? हो म्हणताय तुम्ही? तुम्हीच धरता? अहो, पण का? दमता का? दमत असाल तर मला सांगायचं, मी नाही का — दमत नाही? मग? — साहेबांसमोर नको? त्यांचं काय एवढं, ते परके नाहीत, मशीनच्या माहेरचे आहेत, बोला तुम्ही.

मी उठताना? मी उठायला लागले की धरता? का, माझ्या उठण्याला काय झालंय? — खांबाला धरून? मी? कधी? — रोज? काहीतरीच काय! खांब तिथे आहे म्हणून हात जातो माणसाचा. — रिळावर बोटभर फिल्म उरलेली असते आणि मी अजून अर्धी स्टुलावर, अर्धी खांबावर? आणि एक पाय आधी हातानं सरळ करावा लागतो? एवढ्या लांबून दिसतं तुम्हाला? — रिकामं बसलं की सगळं दिसतं. बरं. — नाही, नाही, थांबा जरा. मशीन थांबवायचं होतं तर तुमच्या टोकालाही लाल बटण आहे ना, ते कधी दाबलं नाहीत? — लाल बटणं सगळी ऑपरेटरची, माझी, म्हणून? ते दाबलं की वर दिवा पेटतो, माझ्या नावावर जातं, आणि डोळ्यानं थांबलेलं सापडलं की… की तुमच्या. तुमच्या खुर्चीवर जातं. हे तुम्हाला ठाऊक होतं? ठाऊक असून?

म्हणजे मला झेपत नाही, असं म्हणणं आहे तुमचं. मला! साहेब, ऐकलंत? या मशीनवर निम्मं आयुष्य गेलं माझं, हिच्या जबड्यात अडकलेलं पाकीट मी डोळे मिटून काढते, आणि मला म्हणे झेपत नाही! अहो, झेपत कुणाला नाही? मी कुणासाठी वेग कमी केला? तुमच्यासाठी! तुमचे हात चालत नाहीत म्हणून! हो, आता ऐकाच, तुम्ही एकेक पाकीट पुसत बसता, थोपटत बसता, कोपरे जुळवत बसता — काय? वेळ जाईना म्हणून? दोन पाकिटांच्या मधे करायला काहीच नसतं म्हणून पुसत होतात? कंटाळा येऊन? आणि तुम्हाला काय वाटलं? — मी वेग कमी केला तो माझ्याच गुडघ्यासाठी? मग मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गप्प? साहेब, तुम्ही हसताय. हसा, हसा. सुरू करा हे मशीन. काढा ती चिकटपट्टी आणि फिरवा बटण, पूर्ण! विहीणबाई, व्हा खुर्चीवर. आता होऊनच जाऊ दे.

बघा — बघा साहेब — अहो, बघा तिकडे! हात आहेत का काय! एका हातानं दोन दोन, खोकं भरलं, सरकवलं, दुसरं उघडलं, वर बघतसुद्धा नाहीत! विहीणबाई, सावकाश — काय म्हणताय? ऐकू येत नाही! — आणखी येऊ द्या? साहेब, त्या आणखी येऊ द्या म्हणताहेत! आणखी नाही हो हिच्यात, संपला वेग! आणि मी यांच्यासाठी, मी मूर्ख बाई — तो वर काचेशी कोण आला बघा, साहेबच ते, बघा म्हणावं, बघा आणि तुमचं ते रंगीत चित्र ठेवा ड्रॉवरमध्ये! आमच्या लेकीची सासू आहे ती! काय पण वेग! काय पण — हां, रीळ. दिसतंय मला, साहेब, दिसतंय. या वेगाला लवकर संपतं ते. उठतेच आहे. तुम्ही नका हात देऊ, उठते मी. एक पाय सरळ झाला की झालं. झालंच. अगदी आता — हा खांब कुठे गेला —

…

थांबली.

पलीकडची लाइन चालू असूनसुद्धा किती शांत वाटतं ना, बंद पडली की. पावडर सांडली नाही. एक कणसुद्धा नाही. साहेब, अशी खांबाकडे कलले की मला दिसत नाही, तोंडासमोर ही बया येते — त्यांचा हात तिथेच आहे ना, डोळ्यासमोर? आहे. सवयीनं गेला असेल. एवढ्या वेगात, एवढ्या पाकिटांतून माझ्याकडे लक्ष होतं त्यांचं. आणि मी या लोखंडाला शाबासकी देत होते. रोज संध्याकाळी निघताना पत्र्यावर हात फिरवून जायचे हो मी, तिला कळतं माझं, म्हणून.

थांबा, बोलू नका काही. हे मी लाल बटण दाबलं. घ्या, वर पेटला बघा दिवा, जाऊ दे माझं नाव. विहीणबाई, काढा आता हात, मी थांबवलंय! मी! — नाही साहेब, रीळ तुम्ही नका लावू. त्या येताहेत, त्यांनाच विचारते मी, येतं का लावायला. येत असणार, इतके दिवस बघताहेत. मला खोकी भरता येतात, बसून करायचं काम आहे, हात अजून चांगले आहेत माझे. ऑपरेटर म्हणवून घ्यायचं सुटेल, ते लागेल जरा मनाला. पण ते आमचं आम्ही बघू. तुम्ही वर जा आणि सांगा, मशीन ठणठणीत आहे, आज दिसला तोच वेग उद्यापासून रोज दिसेल. अहो, काय घोटाळता इथे, गोळा करा ते पाने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघींना काहीतरी बोलायचंय, ते तुमच्यासमोर कसं बोलणार? निघा. आणि जाताना ते दार ओढून घ्या.